मागच्या दारातून आलेल्या आणि उंबऱ्यावरच राहिलेल्या मालिका

एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ‘ॲरो’ या अमेरिकन सुपरहिरो मालिकेत ‘ग्रीन ॲरो अँड द कॅनरीज’ नावाचा आणि तशाच ‘ब्लॅक लाइटनिंग’मध्ये ‘पेनकिलर’ नावाचा अख्खा भाग चित्रित झाला, टीव्हीवर दिसलाही. दोन्ही भाग पुढच्या नव्या मालिकेची सुरुवात म्हणून केले होते. मग त्या मालिका का निघाल्या नाहीत? लेखन कमी पडलं का? आणि जाता जाता दुसरा प्रश्न: मला एका वेब मालिकेत असाच एक भाग लिहायला सांगितलंय, काय सांभाळू?

मी एकवीस वर्षं मराठी आणि हिंदी मालिकांच्या पटकथा लिहितेय. सुपरहिरो एकही लिहिलेला नाही. माझ्या पात्रांची सगळ्यात मोठी शक्ती म्हणजे बंद दाराआडचं बोलणं ऐकू येणं. पण चालू मालिकेला फाटा फोडायचे भाग लिहिले आहेत आणि ते फाटे वाळताना पाहिलेही आहेत. त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: नाही, लेखन कमी पडलं म्हणून असा भाग सहसा मरत नाही. लेखन कमी पडलं तरी मालिका निघतात, हे तुम्ही रोज संध्याकाळी सात ते दहा बघता.

आधी ‘बॅकडोअर पायलट’ कशाला म्हणतात ते पाहू. अमेरिकेत नवी मालिका घ्यायची तर चॅनेल आधी एक नमुना भाग करून मागतं, तो पायलट. तो स्वतंत्रपणे करायचा तर सेट नवे, माणसं नवी, खर्च मोठा, आणि चॅनेलने नको म्हटलं की सगळा पैसा पाण्यात. म्हणून निर्माते एक युक्ती करतात. चालू मालिकेतलाच एक भाग नव्या पात्रांना देऊन टाकायचा. तंत्रज्ञ तेच, सेट निम्मे तेच, आणि तो भाग आई-मालिकेच्या ठरलेल्या भागांतच मोजला जातो. चॅनेलला आवडला तर मालिका, नाही आवडला तर ‘या आठवड्याचा भाग’ म्हणून खपून जातो.

गोम इथेच आहे. जे नाकारल्याने कुणाचं फारसं नुकसान होत नाही, ते नाकारणं सोपं जातं. निर्मात्याला हा मार्ग स्वस्त वाटतो, पण स्वस्तात आलेल्या गोष्टीसाठी चॅनेलमध्ये कुणी जीव टाकत नाही. ज्या मालिकेवर त्यांचा खरा भरवसा असतो तिला ते पुढच्या दाराने आत घेतात. ‘द फ्लॅश’चंच बघा. बॅरी ॲलन, म्हणजेच पुढचा फ्लॅश, डिसेंबर २०१३ मध्ये ‘ॲरो’च्या दुसऱ्या सीझनच्या आठव्या आणि नवव्या भागात आला. मूळ बेत असा होता की त्याच सीझनमध्ये पुढे एक बॅकडोअर पायलट करायचा. पण ते दोन भाग प्रसारित व्हायच्या आधीच ‘सीडब्ल्यू’ चॅनेलने बेत बदलला आणि फ्लॅशला स्वतंत्र पायलट दिला. ऑक्टोबर २०१४ मध्ये मालिका सुरू झाली आणि २०२३ पर्यंत नऊ सीझन चालली. मागच्या दाराचा बेत रद्द होणं हीच तिच्यासाठी शुभवार्ता होती.

आता ‘कॅनरीज’. ‘ॲरो’ २०१२ मध्ये सुरू झाली आणि आठव्या सीझनला, १७० भागांवर थांबली. शेवटचा सीझन अवघा दहा भागांचा. त्यातला आठवा भाग ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या सगळ्या मालिकांना एकत्र गुंफणाऱ्या कथेत गेला, ज्यात नायक ऑलिव्हर क्वीन मरतो. दहावा भाग समारोपाचा. मधला नववा, २१ जानेवारी २०२० ला दाखवलेला, तो हा.

पटकथाकाराच्या नजरेने ही जागा बघा. नायक गेलाय, घरात सुतक आहे, पुढच्या आठवड्यात निरोपाचा भाग आहे. आणि त्या दोहोंच्या मध्ये आपण प्रेक्षकाला २०४० सालच्या स्टार सिटीत नेऊन सांगतोय की ही ऑलिव्हरची मुलगी मिया, ही लॉरेल लान्स, ही डायना ड्रेक, आता पुढची काही वर्षं यांच्यात मन गुंतवा. त्यात ‘क्रायसिस’ने सगळा काळच नव्याने मांडलेला. त्यामुळे सातव्या सीझनपासून भविष्यकाळातली जी मिया आपण पाहत आलो ती पुसली गेली. नव्या मियाला आधीचं काही आठवत नाही, ती श्रीमंताघरची लाडकी लेक झालीय, तिचा साखरपुडा झालाय. मग लॉरेल येते आणि एका यंत्राने तिच्या जुन्या आठवणी परत देते. डायना तर २०४० मध्ये अचानक जागी झालीय, तिचं नावही कुठल्या नोंदीत नाही आणि ती एका बारमध्ये गाते. इतकं सगळं एका भागात समजावून सांगायचं, वर एक अपहरणाचं प्रकरण सोडवायचं, वर तिघींची मैत्री जमवायची.

माझं मत विचाराल तर तिघींचं जमणं छान लिहिलंय. मिया झालेल्या कॅथरीन मॅकनमारा या मुलीत मालिका खांद्यावर घ्यायची ताकद होती हे स्पष्ट दिसतं. पण भागाचा अर्धा वेळ आधीचा हिशेब मिटवण्यातच जातो. पायलटने प्रेक्षकाला नवं घर दाखवायचं असतं. इथे जुन्या घराची वाटणी चाललीय.

तरीही मालिका अडली ती यामुळे नाही. त्याच जानेवारीत ‘सीडब्ल्यू’ने ‘सुपरमॅन अँड लोइस’ला थेट मालिकेची मंजुरी दिली, पायलट न मागता. तीही एका अर्थी फाटाच, कारण त्यातले दोघे आधी ‘सुपरगर्ल’मध्ये येऊन गेलेले. पण सुपरमॅनला मागच्या दाराने कोण आणणार? मग मार्च २०२० मध्ये महासाथ आली आणि चित्रीकरणं ठप्प झाली. एरवी मेच्या मध्याला न्यूयॉर्कमध्ये चॅनेल्स जाहिरातदारांपुढे वर्षाचं वेळापत्रक मांडतात आणि नव्या मालिकांचं भवितव्य त्याच सुमाराला ठरतं. त्या वर्षी ‘सीडब्ल्यू’ने नवा हंगामच शरद ऋतूतून जानेवारी २०२१ वर ढकलला. ‘कॅनरीज’ला ना होकार ना नकार. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये, भाग दाखवून जवळपास वर्ष होत आल्यावर, नकार आला.

ही लोंबकळ किती घातक असते ते बाहेरच्यांना कळत नाही. नटांशी करार असतो की अमुक तारखेपर्यंत तुम्ही आमच्यासाठी राखून आहात. अमेरिकेतल्या चॅनेल्सकडे ही तारीख परंपरेने जूनअखेर असते. ती उलटली की नट मोकळा, नाहीतर पैसे मोजून मुदत वाढवा. लेखक दुसऱ्या मालिकांच्या लेखन-खोलीत बसू लागतात. सेट मोडून गोदामात जातो, मग गोदामाचं भाडं नको म्हणून तोही जातो. वर्षभराने कुणी ‘हो’ म्हणालं असतं तरी ‘हो’ कुणाला म्हणायचं हा प्रश्न होता.

‘पेनकिलर’ची गोष्ट लहान आणि जास्त बोचरी. ‘ब्लॅक लाइटनिंग’ चौथ्या सीझनला संपणार हे नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झालं आणि ‘पेनकिलर’ची तयारी चालू असल्याची बातमीही त्याच महिन्यात आली. आई-मालिका मिटतेय आणि मुलाच्या पाचवीची तयारी चाललीय, असं दृश्य. १२ एप्रिल २०२१ ला सातवा भाग म्हणून तो दाखवला, लेखन-दिग्दर्शन खुद्द आई-मालिकेचे कर्ते सलीम अकील यांचं. खलील पेन हा मुळात धावपटू मुलगा, ज्याला यंत्र बसवून मारेकरी बनवलंय. त्याच्या डोक्यात खलील आणि ‘पेनकिलर’ असे दोघं राहतात आणि त्यांची आपापसात वादावादी चालते. ही कल्पना मला ‘कॅनरीज’पेक्षा मालिकेच्या जास्त लायकीची वाटते, कारण संघर्ष नायकाच्या आतच आहे, दर आठवड्याला बाहेरून आणावा लागत नाही. शिवाय त्याला आधीचं गाव सोडायला लावून अकाशिक व्हॅली नावाच्या नव्या शहरात नेलंय, नवी रंगसंगती, नवा वेग. पाया म्हणून हा भाग उत्तम. मे २०२१ मध्ये नकार.

का? चॅनेलच्या अंतःकरणात कोण शिरणार, पण तेव्हाचा पैशाचा हिशेब उघड होता. ‘सीडब्ल्यू’ हे तेव्हा सीबीएस आणि वॉर्नर यांचं अर्ध्या-अर्ध्या भागीचं चॅनेल. चॅनेल म्हणून ते तोट्यात असायचं, पण तिथे दाखवलेल्या मालिका नेटफ्लिक्सला आणि परदेशात विकून मालक पैसा कमवायचे. २०१९ पासून नव्या मालिकांसाठी नेटफ्लिक्सचा तो करार राहिला नाही. वॉर्नरने २०२० मध्ये स्वतःचं एचबीओ मॅक्स काढलं. म्हणजे ‘ॲरो’ रुजली तेव्हाची जमीनच पायाखालून गेली. पुढे जानेवारी २०२२ मध्ये ‘ॲरो’तल्या जॉन डिगलला, म्हणजे डेव्हिड रॅमझीला घेऊन ‘जस्टिस यू’ नावाचा आणखी एक फाटा विचारात असल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चॅनेलचा ७५ टक्के हिस्सा नेक्सस्टार कंपनीकडे गेला आणि तोही फाटा कागदावरच राहिला.

मालक बदलला की अर्धवट कामं मरतात, हे आमच्याकडेही तसंच. आणि मालक नाही, नुसता साहेब बदलला तरी पुरतं. त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ‘मार्व्हल्स मोस्ट वाँटेड’.

मार्व्हलच्या ‘एजंट्स ऑफ शील्ड’ या हेरांच्या मालिकेत बॉबी मोर्स आणि लान्स हंटर हे घटस्फोटित नवरा-बायको होते. एकमेकांवाचून करमत नाही आणि एकमेकांशी पटतही नाही, अशी जोडी. प्रेक्षकांना प्रचंड आवडली. त्यांची वेगळी मालिका करायची कल्पना एबीसी चॅनेलने मे २०१५ मध्ये नाकारली, मग ऑगस्टमध्ये स्वतंत्र पायलट मागितला. इथे मागचं दार नव्हतं, रीतसर पायलट होता. चॅनेल डिस्नेचं, स्टुडिओ डिस्नेचा, मार्व्हल डिस्नेचं, म्हणजे घरातल्या घरात लग्न. पण पायलटसाठी दोघांना आई-मालिकेतून मोकळं करावं लागलं. २२ मार्च २०१६ च्या ‘पार्टिंग शॉट’ या भागात दोघं रशियात पकडले जातात. देशाची अब्रू राखायची तर संस्थेने त्यांना ओळखच दाखवता कामा नये, असं ठरतं. शेवटी दोघं एका बारमध्ये बसलेत. आजूबाजूच्या टेबलांवर त्यांचे सगळे सहकारी विखुरलेत, पण कुणी जवळ येऊ शकत नाही, नजरही देऊ शकत नाही. एकेक जण वेटरकरवी त्यांच्या टेबलावर एकेक पेला पाठवतो. बस्स.

मी हा प्रसंग नवीन लेखकांना नेहमी दाखवते. निरोपाचं एकही वाक्य नाही.

आता तारखा बघा. ज्यांच्या काळात पायलट मागितला ते एबीसीचे प्रमुख पॉल ली फेब्रुवारी २०१६ मध्ये गेले, त्यांच्या जागी चॅनिंग डंजी आल्या. ‘शील्ड’चा पहिला भाग २०१३ मध्ये सव्वा कोटीच्या आसपास लोकांनी पाहिला होता, तिसऱ्या सीझनपर्यंत आकडा पार खाली आलेला. १२ मे २०१६ ला ‘मोस्ट वाँटेड’ नाकारली गेली आणि मार्व्हलचीच ‘एजंट कार्टर’ ही मालिकाही त्याच दिवशी बंद झाली. दोन लोकप्रिय पात्रं जुन्या घरातून निघाली होती आणि नवं घर बांधलंच गेलं नाही. निक ब्लड पुढे पाचव्या सीझनमध्ये एका भागापुरता हंटर म्हणून परतला. बॉबी झालेली एड्रियन पॅलिकी मात्र दुसऱ्या मालिकेत गेली.

पॅलिकीचं नशीब हा एक स्वतंत्र अध्याय आहे. २००६ मध्ये ‘ॲक्वामॅन’च्या पायलटमध्ये ती जलपरीसारखी खलनायिका होती, मालिका झाली नाही. २०११ मध्ये एनबीसीसाठी केलेल्या ‘वंडर वुमन’ पायलटची ती नायिका, तीही झाली नाही. २०१६ मध्ये हे. दर पाच वर्षांनी एक न झालेली सुपरहिरो मालिका. आमच्याकडे असतं तर कुणीतरी तिला नावात एक ‘अ’ जास्त घालायला सांगितलं असतं.

‘ॲक्वामॅन’ नेमका फाटा म्हणावा का यावर वाद आहे. सुपरमॅनच्या तरुणपणावरच्या ‘स्मॉलव्हिल’ने ऑक्टोबर २००५ मध्ये ॲलन रिचसनला घेऊन आर्थर करी, म्हणजे ॲक्वामॅन, दाखवला, लोकांना आवडला. मग त्याच निर्मात्यांनी पायलट केला, पण नायक बदलून जस्टिन हार्टलीला घेतलं. तेवढ्यात डब्ल्यूबी आणि यूपीएन ही दोन चॅनेल्स एकत्र होऊन ‘सीडब्ल्यू’ झाली. दोन घरांचा संसार एका घरात, मग नव्या पाहुण्याला जागा कुठली? पायलट त्या उन्हाळ्यात आयट्यून्सवर विकला गेला आणि तिथे जोरात खपलाही. हार्टलीला ‘स्मॉलव्हिल’वाल्यांनी पुढच्याच सीझनला ग्रीन ॲरो म्हणून घरी बोलावलं. चांगला नट आणि चांगलं सामान निर्माता कधी टाकत नाही, टाकतो ती फक्त मालिका. २००८ मध्ये त्याच वर्तुळातून निघालेली, रॉबिनच्या बालपणावरची ‘द ग्रेसन्स’ तर जाहीर झाल्यावर दोनेक महिन्यांत थांबली, कारण वॉर्नरच्या सिनेमा विभागाला बॅटमॅनच्या गोतावळ्यातलं पात्र टीव्हीवर नको होतं. आणि ‘हिरोज’वाल्यांची ‘ओरिजिन्स’ ही स्वतंत्र कथांची मालिका २००७-०८ च्या लेखकांच्या संपात गेली. दर भागात नवं पात्र आणायचं आणि त्यातलं एक प्रेक्षकांनी निवडायचं, अशी ती कल्पना होती.

हे सगळं अलीकडचं वाटेल, पण हा खेळ टीव्हीइतकाच जुना आहे. ‘ॲडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ १०४ भाग चालली आणि १९५८ मध्ये थांबली. त्याच साली तिच्याच सेटवर ‘सुपरपप’ नावाचा पायलट केला गेला. कुत्र्याचे मुखवटे घातलेले बुटके नट, आणि नायकाचं नाव बार्क बेंट. मी पाहिलाय. लहान मुलं हसण्याऐवजी रात्री दचकून उठतील असा आहे. १९५९ मध्ये सुपरमॅन करणारे जॉर्ज रीव्ह्ज गेले. त्यानंतर असा एक प्रस्ताव होता की सुपरमॅनचा मित्र जिमी ओल्सन करणाऱ्या जॅक लार्सनला नायक करायचं आणि रीव्ह्जची जुनी उडतानाची दृश्यं मधेमधे वापरायची. लार्सनने नकार दिला. मेलेल्या मित्राच्या चित्रांपुढे उभं राहून विनोद करायचे, ते त्याला झेपणारं नव्हतं, आणि या लेखात चॅनेलने नव्हे तर माणसाने मारलेला हा एकमेव फाटा. १९६१ मध्ये ‘सुपरबॉय’साठी तेरा पटकथा लिहून तयार होत्या, चित्रित झाली एक. उरलेल्या बारा लिहिणाऱ्यांचं दुःख मला चांगलं कळतं.

‘हल्क’ची तऱ्हा वेगळी. मालिका १९८२ मध्ये संपल्यावर १९८८ आणि १९८९ मध्ये दोन टीव्ही-चित्रपट आले, पहिल्यात थॉर, दुसऱ्यात काळ्या कपड्यातला डेअरडेव्हिल. दोन्ही बॅकडोअर पायलट. हल्कच्या खांद्यावर बसून यायचं आणि मग उतरून स्वतः चालायचं, असा बेत. दोघंही चालले नाहीत. डेअरडेव्हिलला स्वतःच्या मालिकेसाठी २०१५ ची वाट पाहावी लागली.

आणि एक उलटा किस्सा, जो मला सगळ्यात आवडतो. ‘सिक्स मिलियन डॉलर मॅन’मधून ‘बायॉनिक वुमन’ हा फाटा निघून तुफान चालला होता, आणि तो काढणारे केनेथ जॉन्सनच ‘हल्क’ मालिका करत होते. मार्व्हलला धास्ती पडली की हे लोक आता बाई हल्क काढणार आणि तिचे हक्क त्यांच्याकडे जाणार. म्हणून १९८० मध्ये घाईघाईने शी-हल्कचं कॉमिक बाजारात आणलं गेलं. टीव्हीवर तो फाटा कधी निघालाच नाही, पण निघेल या भीतीने एक पात्र जन्माला आलं आणि ते आजही जिवंत आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझं सांगते. एका दैनंदिन मालिकेत नायिकेच्या धाकट्या दिराचं आणि त्याच्या बायकोचं जोडपं लोकांना आवडायला लागलं. चॅनेल म्हणालं, यांची वेगळी मालिका करू, दुपारचा स्लॉट आहे. एक आठवडा आम्ही त्यांना दिला. दिराची नाशिकला बदली केली, भाड्याचं घर, खडूस घरमालकीण, सगळी मांडणी केली. आणि शुक्रवारच्या भागाच्या शेवटी, उत्सुकता राहावी म्हणून, मी त्याला एका अपघातात घातलं. रस्त्यावर पडलेली मोटारसायकल, वाजत राहिलेला फोन. सोमवारी कळलं की दुपारचा स्लॉट दुसऱ्या भाषेतल्या मालिकेच्या रिमेकला गेला. पुढचे पाच महिने मूळ मालिकेत प्रत्येक सणाला कुणीतरी विचारायचं, ‘भाऊजी कसे आहेत आता?’ आणि कुणीतरी म्हणायचं, ‘बरे आहेत, फोन आला होता.’ प्रेक्षकांची पत्रं यायची ती वेगळीच.

‘कॅनरीज’ने नेमकं हेच केलं. भागाच्या शेवटी मियाचा भाऊ विल्यम पळवला जातो आणि कुणीतरी तिच्या नवऱ्या मुलाच्या, जेजेच्या, जुन्या दुष्ट आठवणी जाग्या करतं. दोन दोन टांगलेले प्रश्न. २०२१ च्या शेवटी मिया ‘फ्लॅश’मध्ये पाहुणी आली तेव्हाही ती भावाला शोधतच होती. त्याउलट ‘पार्टिंग शॉट’ बघा. मालिका झाली असती तर त्या बारच्या दारातून ती सुरू झाली असती. झाली नाही, तरी तो निरोप पुरा आहे. एक पेला कमी पडत नाही.

म्हणून तुमच्या भागात तीन गोष्टी बघा. आई-मालिकेचा नायक बाजूला केला तरी भागात कुणालातरी काहीतरी हवं असलं पाहिजे, आणि ते त्याच भागात मिळालं किंवा कायमचं गेलं पाहिजे. नवं घर दाखवा, जुन्याचा हिशेब नंतर. आणि शेवटचं पान दोनदा लिहा, एक मालिका मंजूर झाली तर, एक नाही झाली तर. चित्रीकरणाच्या दिवशी दिग्दर्शकाला दुसरंच द्या. पहिलं हवं असेल तर चॅनेल नंतर पैसे देऊन एक दिवस वाढवून घेईलच. दिलेच नाहीत, तर भाऊजी निदान रस्त्यावर पडलेले राहणार नाहीत.